वरच्या मजल्यावरच्या मशीनची साक्ष

"ही मशीन मी तुला धडधाकट दिली होती," खडतकर काका म्हणाले. वॉशिंग मशीनच्या झाकणावर ठेवलेला हात ते काही केल्या उचलेनात. "आता चालू केली की सगळं घर हादरते. हे कोणी केलं, सांग."

"मी नाही केलं, काका," सानिका म्हणाली. सकाळपासून तिचं हे कितव्यांदा म्हणून झालं होतं कोण जाणे.

त्रिमूर्तीनगरातल्या त्या दुमजली घराचा वरचा मजला रिकामा झाला होता. भिंतींवर कॅलेंडरांचे पांढरट चौकोन तेवढे उरले होते. खाली भर उन्हात सामानाने भरलेला टेम्पो उभा होता आणि टेम्पोवाला अधूनमधून हॉर्न वाजवून आपण जिवंत असल्याचं कळवत होता. नागपूरचा मे महिना, अंगातलं पाणी आटवणारा. अशा उन्हात माणसं भांडणंसुद्धा संध्याकाळवर ढकलतात, पण सानिकाकडे संध्याकाळपर्यंत वेळ नव्हता.

प्रमोद खडतकर वीज उपकेंद्रातून अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. माणूस नाकावर माशी बसू न देणारा. वर खिळा ठोकला तर खालून आवाज ओळखून जिना चढून येणार आणि कुठे ठोकला ते बघून जाणार. पण तितकाच सरळ. सानिकाच्या कूलरची मोटर अडकली की निरोप न धाडताच पाना घेऊन हजर. ती एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढायची. सकाळी जायची ती दिवे लागल्यावर यायची आणि आल्यावर तिला दारात कधी वांग्याची भाजी झाकून ठेवलेली सापडायची. ती वंदनाकाकूंची. त्या घरात ती सुखाने राहिली होती, ते घर तिला सोडायचं नव्हतं. पण आईसाठी सोडणं भाग होतं.

सानिकाची आई वर्ध्याला आपल्या भावाकडे होती. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून ती भावाच्या दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरलीच नव्हती. "एकदा मातीवर पाय ठेवू दे वं मला," एवढंच ती फोनवर म्हणायची. खूप शोधल्यावर सानिकाला मनीषनगरात तळमजल्याची दोन खोल्यांची जागा मिळाली होती, मागे परसदार, दाराला पायरी नाही. तिथल्या मालकाने सांगून ठेवलं होतं, की आज दिवस मावळायच्या आत कोरी भाडेपत दाखवा, नाहीतर रांगेतल्या पुढच्या माणसाला देतो.

आता ही भाडेपत म्हणजे काय, ते सांगायला हवं. बँकेत जशी कर्जदाराची पत असते तशी ती भाडेकरूची. घर सोडताना फ्रिजचं दार कोणी वाकवलं, गीझर कोणी जाळला यावरून मालक-भाडेकरूंची इतकी भांडणं व्हायला लागली की न्यायालयं तुंबली. मग कायदा झाला. घर सोडायच्या दिवशी दोघांसमोर उपकरणांची तपासणी करायची, बिघाड कोणामुळे झाला ते नोंदवायचं आणि दोष भाडेकरूचा असेल तर त्याचा डाग त्याच्या भाडेपतीवर चढवायचा. चढलेला डाग वर्षानुवर्षं निघत नाही. डाग असलेल्याला कोणी दार उघडत नाही. आणि "मी नाही केलं" या शब्दांना तिथे काडीची किंमत नाही.

किंमत आहे ती लोखंडाच्या शब्दाला. हा शोध तसा अपघातानेच लागला. विजेच्या जाळ्यातला प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होतो, असं आपण शाळेत शिकतो. पण तो कधीच बरोब्बर पन्नास नसतो. कुठे कारखाना सुरू होतो, कुठे ढग येऊन सौरपट्ट्या झाकतात आणि तो आकडा किंचित हलतो. सगळा देश एकाच जाळ्यात असल्याने तो सगळीकडे एकाच क्षणी, एकसारखाच हलतो. हे हेलकावे कायम टिपून ठेवलेले असतात आणि एका दुपारचे हेलकावे दुसऱ्या दुपारी पुन्हा जसेच्या तसे कधी येत नाहीत.

दुसरी गोष्ट मोटारीच्या पोटातली. मोटर नीट चालत असते तेव्हा तिच्या पोलादातले चुंबकी कण वळतात आणि पुन्हा जागेवर येतात, मागे काही उरत नाही. पण मोटर अडकली, कुवतीबाहेर ताणली गेली, की काही कण वळलेल्या जागीच कायमचे गोठतात आणि त्यांच्यासोबत त्या क्षणीचे विजेचे हेलकावेही गोठतात. ही गोठलेली रेघ वाचून ती टिपणाशी जुळवली, की मोटारीला कोणत्या दिवशी, किती वाजता, कसा त्रास झाला ते कळतं. सुखाचे दिवस लोखंड विसरून जातं, त्रास दिलेला मात्र विसरत नाही.

कोणी त्रास दिला, ते मात्र लोखंड सांगत नाही. ते माणसांनीच कबूल करायचं असतं. आणि कोणीच कबूल केलं नाही तर दोष घर वापरणाऱ्याचा, असं कायदा म्हणतो.

ही रेघ वाचणारा साक्षवाचक आला तो लोणारे नावाचा तिशीतला माणूस. त्याने मशीन ओढून पुढे घेतली. जुन्या पद्धतीची, दोन टाक्यांची, एकीत धुवायचं आणि दुसरीत पिळायचं. मोटर थेट विजेवर चालणारी. असली मशीन आता फारशी दिसत नाही, पण काकांनी ती जिवापाड जपली होती. लोणारे मागचं झाकण उघडून आपलं यंत्र बसवू लागला. सानिकाला हायसं वाटलं. वाचन तिनेच मागितलं होतं, कारण आपल्या हातून काही झालेलं नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

तेवढ्यात वंदनाकाकू पन्ह्याचे पेले घेऊन वर आल्या. पुरुषांना पेले दिले आणि सानिकाला डोळ्याने खुणावून रिकाम्या स्वयंपाकघरात नेलं.

"सानिका, ते वाचन थांबवून दे ना, बाई."

"काहून काकू? त्यातूनच तर माझं खरं निघणार आहे."

"तुझं निघेल. अन् माझं?" काकूंचा आवाज इतका खाली गेला की सानिकाला वाकावं लागलं. "मशीन मी बिघडवली. तू कामावर गेली का दुसऱ्या किल्लीनं वर येऊन धूत होती. चादरी, गोधड्या. रात्री अंथरुणात... समजून घे ना आता."

 "काकू, डॉक्टरला दाखवायचं ना. यात लाजण्यासारखं काय आहे?"

"लाजत नाही, भिऊन राहिली. आमच्या शैलाताईचं तुला माहीत नाही." शैलाताई म्हणजे काकांची मोठी बहीण. ती इथेच, खालच्या मागच्या खोलीत राहायची. नावं विसरायला लागली, अंथरूण ओलं व्हायला लागलं आणि काकांनी आणि मुलाने, निनादने, एका बैठकीत ठरवून तिला कामठी रोडच्या एका वृद्धनिवासात नेऊन ठेवलं. "सोय चांगली आहे तिथं, मी नाही म्हणत नाही. पण दर गुरुवारी मी दिवसभर तिच्यापाशी जाऊन बसते ना, तर ती एकच विचारते, घरी केव्हा नेता? घर निनादच्याही नावावर आहे. वाचनाचा अहवाल त्याच्या फोनवर जाईल. तो तर बंगलोरहून वाटच पाहून राहिला आम्हाला कुठं ठेवता येईल म्हणून. तू म्हणून दे ना, मी केलं. तू तरुण आहे."

"आणि माझ्या आईचं काय, काकू?"

काकूंनी पदराने पेल्याची ओली कड पुसली. 

 सानिकाला राग आला, आणि ज्या बाईच्या हातची भाजी खाल्ली तिच्यावर राग आला म्हणून स्वतःचीही लाज वाटली. ती बाहेर आली ती मधली वाट काढायचं ठरवून. "काका, राहू द्या ते वाचन. दुरुस्ती मी करून देते. भांडण मिटलं."

लोणारेने मान हलवली. "तसं होत नाही, ताई. अर्ज मागं घेतला तर दोष तुमच्या नावावर जातो."

काका तर उसळलेच. "दुरुस्ती करून देते म्हणजे? मी काय दुरुस्तीसाठी भांडून राहिलो? मोटर माझ्या हातची आहे. तिला काय झालं ते मला समजलं पाह्यजे. लावा हो तुमचं यंत्र!"

यंत्र लागलं. बारीक गुणगुण झाली आणि लोणारेच्या हातातल्या पडद्यावर रेघ उमटू लागली. काकूंनी दाराची चौकट धरली. 

"मोटर तीनदा अडकलेली आहे," लोणारे म्हणाला. "पिळायच्या टाकीत काहीतरी जड, पाण्यानं निथळणारं कोंबलं होतं. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. तिन्ही वेळी दुपार." त्याने तारखा पुन्हा पाहिल्या. "अन् तिन्ही वेळी गुरुवार."

सानिकाने झटकन काकूंकडे पाहिलं. गुरुवारी काकू घरी नसतात, दिवसभर शैलाताईंपाशी असतात. आत्ताच, पाच मिनिटांपूर्वी, त्याच तर म्हणाल्या. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या खोटं बोलल्या होत्या. मग खाली आणखी राहतं कोण?

"गुरुवारी दुपारी?" काका पुटपुटले. "गुरुवारी तर ही पोट्टी दवाखान्यात असते." न्याय तो न्याय, भाडेकरूच्या बाजूचा मुद्दासुद्धा त्यांनीच मांडला. मग चष्मा चढवून ते पडद्यावर वाकले आणि त्यांच्यातला जुना अभियंता जागा झाला. "थांबा, थांबा. हे पाहा. मोटर फिरायच्या आधी या दोन टोकदार उभ्या रेघा. हे दोन झटके आहेत. कोणीतरी भिंतीवरचं बटण दोनदा चालू-बंद केलं, मग तिसऱ्यांदा चालू ठेवलं. समजलं का? उन्हाळ्याच्या सुरुवातीला कूलर काढला का आपण असंच करतो. वर्षभर पडून मोटर धरलेली असते, तिला दोन झटके दिले का सुटते. कूलरला चालते ते. पण ओल्या गोधडीनं भरलेल्या टाकीला असे झटके द्यायचे म्हणजे मोटारीचा जीव घेणं आहे. हा जुना हात आहे कोणाचा तरी. आजकालच्या पोरांना झटका द्यायचा असतो हे माहीतच नाही. असं तर..."

ते थांबले. वाकलेले होते तसेच राहिले.

"असं तर मी करतो," ते म्हणाले.

टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. 

"वंदना, गुरुवारी तू नसते."

"नसते."

"मग मी वर येऊन..."

"पांघरायची दोहर धूत होते तुम्ही. अन् गोधडी. मार्चमध्ये एकदा मी लवकर परतली, तर तुम्ही गच्चीवर वाळत घालून राहिले होते. दिवस मावळायच्या आत वाळवून, घडी करून, जागेवर ठेवून दिलं. रात्री मी विचारलं, आज काय केलं? तर म्हणाले, काही नाही, पेपर वाचला." काकूंचे डोळे भरून आले. "लपवून राहिले म्हणावं, तर तुमच्या तोंडावर काही लपवल्याचं दिसतच नव्हतं."

"मला सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? तुमच्या बहिणीचं पाह्यलं ना मी."

काका हळूहळू सरळ झाले. त्या माणसाचा ताठपणा सानिकाला कितीदा खुपला होता. आज तो खुपला नाही. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या खिशात ठेवला आणि ते लोणारेला म्हणाले, "माझं नाव लिहा. मशीन मी बिघडवली. पोट्टीचा काही दोष नाही."

सानिका सुटली. मनीषनगरचं परसदार आणि आईचे पाय एकदमच तिच्या डोळ्यांपुढे आले, आणि आपण या घडीला आनंदलो याचं तिला वाईटही वाटलं.

लोणारे नोंद भरू लागला. वाचनाच्या रेघा, त्यांचा जुळवलेला काळ, कबुलीजबाब असं सगळं तयार व्हायला थोडा वेळ लागायचा आणि मग मालकाचा अंगठा. काका गॅलरीत गेले, टेम्पोवाल्याला सावलीत गाडी लाव म्हणून ओरडले, कठड्यावरची धूळ बोटाने पाहिली. तिथेच जरा उभे राहिले. मग आत आले, मशीनपाशी गेले आणि झाकणावर हात ठेवला.

"ही मशीन मी तुला धडधाकट दिली होती," ते सानिकाला म्हणाले. "आता घर हादरते. हे कोणी केलं, सांग."

सानिकाला आधी वाटलं, ते थट्टा करताहेत. मग तिने त्यांचे डोळे पाहिले. त्यांत सकाळचाच राग होता, तितकाच ताजा आणि तितकाच प्रामाणिक.

"काका, आत्ताच तर तुम्ही..." लोणारे बोलायला गेला. काकूंनी त्याच्यापुढे हात जोडले. मग तो सानिकाच्या जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, मालकांनी स्वतः समजून अंगठा द्यायला लागतो. ते नाही म्हणाले तर नोंद तुमच्या नावावर बंद होईल. बंद झाली का पुन्हा उघडत नाही."

तिचा फोन थरथरला. मनीषनगरचे मालक. तिने तो तसाच वाजू दिला.

काकू नुसत्या सानिकाकडे पाहत होत्या. त्या नजरेतलं मागणं इतकं उघडं होतं की शब्दांची गरजच नव्हती. पुन्हा नको दाखवू त्यांना. एकदा पाहिलं तेवढं पुरे. भांडण जिंकून उतरू दे त्यांना जिना.

सोपं होतं ते. "हो काका, मी केलं," एवढंच म्हणायचं. म्हातारा खूश, म्हातारी सुटली, आणि आई तिकडे वर्ध्याला दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी. खोटं कशाला बोला, सानिकाला आधी आईच आठवली. पण आईच्या पाठोपाठ तिला पुढचा गुरुवारही दिसला. रिकामं घर, हा माणूस एकटा, ओली गोधडी, ओले हात आणि भिंतीवरचं विजेचं बटण. आपण चूक आपल्या नावावर घेतली तर त्या गुरुवारी इथे कोणी असणार नाही.

रोज ती लोकांना त्यांचीच मोडलेली हाडं पडद्यावर दाखवायची.  आज तिने लोणारेच्या हातातला पडदा घेऊन काकांपुढे धरला.

"काका," ती म्हणाली, "ही रेघ जरा पाहता का? मला काही समजून नाही राहिली."

"दाखव." काकांचा राग क्षणात उतरला. कोणी काही समजावून मागितलं की त्यांना रागावता यायचं नाही. चष्मा खिशातून निघाला. "गुरुवारी दुपारी? गुरुवारी तर तू दवाखान्यात असते. थांब, थांब. हे पाहा. या दोन टोकदार उभ्या रेघा. हे दोन झटके आहेत..."

तेच शब्द. तीच कूलरची गोष्ट, तसंच समजावणारं बोट. ऐकताना सानिकाला वाटलं, आपण या माणसाला हाताला धरून खड्ड्याकडे नेतो आहोत आणि तो आपल्याला वाट दाखवतो आहे.  "हा जुना हात आहे कोणाचा तरी," काका म्हणाले, तेव्हा काकू चौकट सोडून पुढे आल्या. मघाशी त्या लांब उभ्या होत्या. आता त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवलेलाच राहू दिला.

"असं तर मी करतो," काका म्हणाले.

या वेळी त्यांनी गुरुवारचं विचारलं नाही. पाठीवरचा हात त्यांना जाणवला असावा. त्यांनी लोणारेकडे पाहिलं, सानिकाकडे पाहिलं आणि मग कितीतरी वेळ बायकोकडे.

"हे मला आधी सांगून झालं आहे का?"

"हो," काकू म्हणाल्या. "आत्ताच."

"मग मी काय म्हणालो?"

 सानिकाने सांगितलं, "माझं नाव लिहा, म्हणाले होते तुम्ही."

काकांनी क्षणभर विचार केला. "बरोबर म्हणालो," ते म्हणाले. "लिहा मग."

लोणारेने यंत्र पुढे केलं. काकांनी अंगठा पँटला पुसला आणि टेकवला. सानिकाच्या फोनवर कोऱ्या भाडेपतीचा निरोप आला. तिने तो पुढे मनीषनगरला पाठवून दिला, पण खाली टेम्पोकडे जायला तिचा पाय निघेना.

"वंदना, निनादला फोन लाव," काका म्हणाले.

"अहो, संध्याकाळी बोलू ना सावकाश. आता ऊन..."

"आत्ता लाव. मी विसरायच्या आत लाव. माझ्याबद्दल जे ठरवायचं आहे ते माझ्या तोंडून सुरू होऊ दे. अन् ताईलाही घरी आणायचं बोलायचं आहे. तिला कोणी विचारलंच नव्हतं."

काकूंनी नंबर काढला, पण लावायला त्यांचं बोट पुढे जाईना. सानिकाने फोन त्यांच्या हातून घेतला, लावला आणि काकांच्या कानाशी धरला. पलीकडे घंटी वाजू लागली. काकांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"मधेच अडलो तर तू सांग मला, पोट्टे," ते म्हणाले. "इथूनच सांग. जाऊ नको."

"नाही जात," सानिका म्हणाली, तेवढ्यात निनादने फोन उचलला.